मागे राहिलेल्यांची पुस्तके

भिवंडी तालुक्यात तानसेच्या काठी वज्रेश्वरीचे देऊळ आहे. दगडी पायऱ्या चढून वर गेले की नगारखाना लागतो, आणि तटबंदी पाहून आपण देवळात शिरतो आहोत की किल्ल्यात, असा क्षणभर प्रश्न पडतो. तसे वाटण्याला कारणही सांगितले जाते. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, की किल्ला हाती आला तर तुझे देऊळ किल्ल्यासारखे बांधीन. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडला गेला. नवसाची गोष्ट आख्यायिका म्हणून घ्यावी, पण विजय आणि देऊळ या दोन्ही गोष्टी इतिहासात पक्क्या आहेत. मी याच गावात राहते. इथल्या लहान मुलालाही चिमाजी अप्पांचे नाव ठाऊक असते.

त्यांच्या पत्नीचे नाव मात्र सहसा कुणी सांगत नाही. वसईनंतर दीड वर्षाने, डिसेंबर १७४० मध्ये, चिमाजी अप्पा पुण्यात वारले आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. मुठेच्या काठी ओंकारेश्वराजवळ त्यांचे दहन झाले. नवऱ्याच्या नावे मोहीम, तह, पत्रव्यवहार आणि देऊळ उरले. बायकोच्या नावे एक चिता उरली.

मराठीत नामवंत पुरुषांच्या सहचारिणींनी लिहिलेल्या आठवणींची एक लखलखीत परंपरा आहे. तिचा विचार करताना मला ओंकारेश्वराचा तो घाट आठवतो, कारण आठवणी लिहायला आधी मागे राहावे लागते. आपल्याकडे बायकोने मागे राहणे ही गोष्ट अनेक घराण्यांत गृहीत धरलेली नव्हती. बंगाल इलाख्यात १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात. १८५६ मध्ये विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. तरीही मागे राहिलेल्या बाईने तोंड उघडण्यात आणखी अर्धशतक गेले. ते तोंड कसे उघडले, कुणाच्या परवानगीने उघडले आणि ती परवानगी घेणे पुढे केव्हा थांबले, हे या लेखात पाहायचे आहे.

०००

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले होते, म्हणजे मध्ये नऊ वर्षे गेली. पुस्तकाला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखले यांची होती. या दोन गोष्टी मी मुद्दाम सांगते आहे. नऊ वर्षे हा दु:ख निवण्याचा काळ होता, तसाच नवऱ्याचे मोठेपण लोकमानसात कायम होण्याचाही होता. प्रस्तावना हा त्या काळच्या सार्वजनिक जीवनात शिरण्याचा परवाना होता, आणि गोखल्यांइतका वजनदार परवाना दुसरा नव्हता.

रमाबाईंचे लग्न डिसेंबर १८७३ मध्ये अकराव्या वर्षी झाले. रानडे एकतीस वर्षांचे होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुढाऱ्याने पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. लग्नाच्या वेळी रमाबाईंना अक्षरओळख नव्हती. ती त्यांना नवऱ्याने करून दिली. मराठीनंतर इंग्रजी आले, आणि इंग्रजीबरोबर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष आला.

पुस्तकाच्या नावात 'आमच्या' आहे. पूर्वीच्या बायका स्वत:बद्दल बोलतानाही 'आम्ही' म्हणत, म्हणून हा शब्द सहज गेला असे वाटू शकेल. पण पुस्तकभर या 'आम्ही'चे मध्यबिंदू रानडेच आहेत. ते काय म्हणाले, कसे वागले, कशाला रागावले नाहीत, हे रमाबाई सांगतात. स्वत:चा उल्लेख त्या शिष्येसारखा करतात. त्या काळी हे स्वाभाविक होते. मात्र आज हे पुस्तक मन लावून वाचले तर मनात राहतात ती रानड्यांच्या महत्तेची पाने नव्हेत. इंग्रजी शिकते म्हणून घरात होणारा जाच, त्या जाचाविरुद्ध नवऱ्याकडे तक्रार न नेण्याचा तिचा हट्ट, आणि दोन्ही बाजू सांभाळताना होणारी ओढाताण, हे मनात राहते. रानडे यांच्या चरित्रकारांना ते लिहिता आले नसते. सभा, निबंध आणि न्यायालय यांचे दफ्तर असते. माजघराचे दफ्तर नसते, आणि रमाबाईंनी ते लिहून ठेवले.

गंमत अशी, की हे पुस्तक मिरवले गेले ते पतिभक्तीचा नमुना म्हणून. त्यातून सुधारकाच्या घरातली सुधारणा कुणाच्या पाठीवर झाली हे दिसते, तिकडे वाचकांनी पुष्कळ उशिरा पाहिले.

०००

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. त्याचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात निघाले आणि चौथा भाग निघाला त्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई वारल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी गेले होते. इथे अंतर पंधरा वर्षांचे आहे.

लिहायला निमित्त टिळकांच्या चरित्राचेच होते. मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. म्हणजे सुरुवातीला बाईची भूमिका साक्षीदाराची होती. तिने माहिती पुरवायची आणि चरित्र दुसऱ्याने रचायचे. लक्ष्मीबाई लिहायला बसल्या आणि ही मांडणी उलटली. पुस्तक टिळकांपासून सुरू होत नाही. जलालपूरच्या गोखल्यांच्या घरापासून, सोवळ्याच्या वेडाने घरादाराला धुऊन काढणाऱ्या वडिलांपासून ते सुरू होते. टिळक पुढे येतात ते तिच्या गोष्टीतले एक पात्र म्हणून. पात्र मोठे आहे, विलक्षण आहे, पण गोष्ट तिची आहे.

१८८० मध्ये लग्न झाले तेव्हा मनकर्णिका गोखले अकरा-बारा वर्षांची होती. नवरा कवी, वक्ता, उदार, तापट, आणि कधी घरातून उठून निघून जाईल याचा भरवसा नाही असा. हातात पैसा आला की मागणाऱ्याला देऊन मोकळा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. एका कर्मठ घरातल्या बाईवर हा आघात काय असेल, याची आज कल्पनाच करावी लागते. नवरा जिवंत असून त्याच्या घरी जाता येत नाही, मुलाचे काय करायचे ते कळत नाही, माहेरच्या माणसांच्या आश्रयाने दिवस काढायचे. काही वर्षांनी ती त्याच्याकडे परतली, तीही स्वत:च्या अटींवर, आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. पुढे जातीचा विटाळ तिच्या मनातून टप्प्याटप्प्याने गळून पडला आणि १९०० मध्ये तिने स्वत: बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराचा निर्णय नवऱ्याने पाच वर्षे आधी घेतला होता. तिने तो पुन्हा एकदा, आपल्या डोक्याने घेतला.

या सगळ्यात रडगाणे नाही आणि आरतीही नाही. लक्ष्मीबाई नवऱ्याला हसतात, स्वत:ला त्याहून जास्त हसतात. टिळकांचे मोठेपण त्या लपवत नाहीत आणि त्यांचा विक्षिप्तपणाही झाकत नाहीत. रमाबाईंच्या पुस्तकात नवरा उंचावर बसलेला दिसतो, तर इथे तो समोर पाटावर बसलेला दिसतो. मधल्या चोवीस वर्षांत मराठी गद्य बदलले होते, हे त्याचे एक कारण. दुसरे माझ्या मते असे, की लक्ष्मीबाईंना एव्हाना नवऱ्याच्या कीर्तीची राखण करायची गरज उरली नव्हती. ती कीर्ती त्यांनी वेगळ्याच मार्गाने सांभाळली होती. टिळकांनी सुरू केलेले आणि थोड्याच अध्यायांवर थांबलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्या हातचे आहेत. नवऱ्याचे अपुरे काम पत्करणे हे एक काम, आणि स्वत:चे पुस्तक लिहिणे हे दुसरे. दोन्ही त्यांनी केली आणि एकात दुसरे मिसळू दिले नाही.

नावातही फरक पडला. 'स्मृतिचित्रे' या शब्दात 'आमच्या' नाही आणि 'माझी'ही नाही.

तिसरे पुस्तक लीलाबाई पटवर्धनांचे, 'आमची अकरा वर्षे', १९४५ सालचे. माधव जूलियन २९ नोव्हेंबर १९३९ रोजी वारले. लग्न १९२८ मध्ये झाले होते. ही अकरा वर्षे मोजून नावात घातली आहेत. इथे अंतर फक्त सहा वर्षांचे आहे आणि ते जाणवते. 'आमची' परत आली आहे, पण हे 'आमची' रमाबाईंचे नाही. ही लिहिणारी शिकलेली आहे आणि तिने आपल्या मर्जीने निवडलेल्या संसाराबद्दल ती लिहिते आहे. अकरा हा आकडा तिच्या पुस्तकात हिशेबासारखा येतो. इतकेच मिळाले, आणि जे मिळाले ते दोघांचे होते.

०००

आतापर्यंतचे तिन्ही पुरुष न्यायमूर्ती, धर्मोपदेशक-कवी आणि कवी होते. कादंबरीकाराच्या घरी प्रकरण जरा वेगळे असते. कवी स्वत:बद्दल लिहितो हे वाचकाला मान्य असते. कादंबरीकार मात्र दुसऱ्यांची आयुष्ये रचतो, आणि त्याच्याबरोबर राहणारीला कधीतरी प्रश्न पडतोच, की या रचनेत आपण कुठे आहोत. जगात याचे सर्वांत बोलके उदाहरण रशियातले आहे, म्हणून मराठीतल्या कादंबरीकाराकडे जाण्याआधी तिकडे थोडे वळते.

आन्ना स्नित्किना ही वीस वर्षांची लघुलिपिक ऑक्टोबर १८६६ मध्ये दस्तयेव्स्कीकडे कामाला आली. प्रकाशकाशी केलेल्या जाचक कराराची मुदत भरत आली होती. 'जुगारी' ही कादंबरी त्याने तिला सव्वीस दिवसांत तोंडी सांगून पुरी केली आणि पुढच्या फेब्रुवारीत दोघांचे लग्न झाले. कर्जदार टाळण्यासाठी ती दोघे १८६७ ते १८७१ युरोपात फिरत राहिली. तिथे दस्तयेव्स्की जुगारात हरत राहिला, आणि बायकोचे दागिने गहाण पडत राहिले. रशियात परतल्यावर आन्नाने नवऱ्याची पुस्तके स्वत: प्रकाशित करायला सुरुवात केली आणि घर कर्जातून बाहेर काढले. १८८१ मध्ये तो वारला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. पुन्हा लग्न तिने केले नाही. आठवणी लिहायला ती बसली तीस वर्षांनी, १९११ च्या सुमारास. १९१८ मध्ये याल्ता इथे ती वारली आणि पुस्तक निघाले १९२५ मध्ये.

या उशिराला एक कारण जोडले गेले. निकोलाय स्त्राखोव या दस्तयेव्स्कीच्या चरित्रकाराने तोल्स्तोयला पाठवलेले एक पत्र १९१३ मध्ये छापले गेले. त्यात दस्तयेव्स्कीच्या चारित्र्यावर गंभीर आरोप होते. आन्नाने आपल्या आठवणींत त्याला उत्तर दिले. तेव्हा तिचे पुस्तक काही अंशी पहारेकऱ्याचे आहे. ती नवऱ्याच्या नावावर उभी राहून राखण करते आहे.

पण आन्नाचा आणखी एक दस्तऐवज आहे. १८६७ मध्ये युरोपात तिने रोजनिशी लिहिली ती लघुलिपीत, नवऱ्याला वाचता येऊ नये म्हणून. ती उलगडल्यावर दिसले की तिथली आन्ना रागावते, कंटाळते, भांडते आणि नवऱ्याच्या खिशातली पत्रे चोरून वाचते. आठवणींच्या पुस्तकातली आन्ना बरीच शांत आहे. दोन्ही खऱ्याच. एक लिहिताना नवरा शेजारच्या खोलीत होता. दुसरी लिहिताना तो जगाचा झाला होता.

इथे या सगळ्या पुस्तकांकडे पाहण्याची एक पट्टी मिळते. निधन आणि लेखन यांत किती अंतर आहे, आणि त्या अंतरात नवऱ्याचे काय झाले, हे आधी विचारावे. रमाबाईंच्या नऊ वर्षांत रानडे आदर्श झाले. लक्ष्मीबाईंच्या पंधरा वर्षांत टिळक पुन्हा माणूस झाले. लीलाबाईंच्या सहा वर्षांत जखम अजून ओली होती. आन्नाच्या तीस वर्षांत नवरा राष्ट्राची मालमत्ता झाला आणि तिला पहाऱ्यावर उभे राहावे लागले.

०००

आता मराठीतल्या कादंबरीकाराकडे येते. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ मध्ये आली. १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि रमाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या, हा इतिहास. कादंबरीने तो मराठी घराघरांत नेला. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांनी 'स्वामी'ची शेवटची पाने रडत वाचली आहेत. मी स्वत:ही त्याला अपवाद नाही. माधवरावांच्या रमाबाईंनी मागे काही लिहून ठेवलेले नाही. कादंबरीत त्या जे बोलतात, ते देसाई यांनी त्यांना दिलेले आहे.

याच देसाई यांच्याशी माधवी देसाई यांचा विवाह झाला. त्या चित्रपटमहर्षी भालजी पेंढारकरांच्या कन्या. पहिल्या पतीचे निधन झालेले, पदरी मुली. म्हणजे ज्या कादंबरीकाराच्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचा शेवट सतीने होतो, त्याच्या घरी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडला, एक मागे राहिलेली स्त्री पुन्हा संसार मांडायला गेली. मी यातून कुणावर ठपका ठेवत नाही. देसाई यांनी इतिहासातली घटना लिहिली होती आणि विधवेशी विवाह स्वखुशीने केला होता. पण वाङ्मयाच्या इतिहासात योगायोगांनाही अर्थ असतो.

तो संसार टिकला नाही. १९८८ मध्ये माधवीताईंचे 'नाच गं घुमा' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. रणजित देसाई ६ मार्च १९९२ रोजी वारले. म्हणजे पुस्तक निघाले तेव्हा ते हयात होते. माधवीताई त्यांच्यानंतर एकवीस वर्षे, २०१३ पर्यंत जगल्या. मागे राहिलेल्या सहचारिणीचे पुस्तक तिने मागे राहण्याआधीच लिहून ठेवले होते.

आपल्या विषयातला हा खरा वळणबिंदू आहे, आणि तो एकटा नाही. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ मध्ये आले तेव्हा नामदेव ढसाळ हयात होते. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आले आणि पु. ल. त्यानंतर दहा वर्षे होते. सहा वर्षांत तीन पुस्तके आली. तिघींची घरे वेगळी, संसाराचे रंग वेगळे, भाषा वेगळी. एक गोष्ट मात्र समान आहे. एकीनेही नवरा जाण्याची वाट पाहिली नाही.

१९१० ते १९४५ या काळात बाईला आठवणी लिहिण्याचा अधिकार मिळत होता तो वैधव्यातून. जाणाऱ्याची आठवण जपणे हे तिचे कर्तव्यच मानले जाई, आणि त्या कर्तव्याच्या आडोशाने ती थोडे स्वत:चेही सांगून घेई. रमाबाईंनी ते हळूच सांगितले, लक्ष्मीबाईंनी मोकळेपणाने. १९८० नंतर तो आडोसाच नको झाला. आपले आयुष्य आपले आहे आणि ते सांगायला कुणाच्या मरणाची गरज नाही, असे या बायकांनी लिहूनच दाखवले. पुस्तकांची नावेच पाहा. 'आमच्या'पासून निघालेली वाट 'मला'पर्यंत आली. सुनीताबाईंचे नाव 'तरी'वर थांबते. माधवीताईंचे नाव मंगळागौरीच्या खेळातले आहे, आणि घुमेला नाचायला सांगणारे कोण असते, हे मराठी बाईला समजावून सांगावे लागत नाही.

परवान्याशिवाय लिहिल्याची किंमतही पडली. घरातले चव्हाट्यावर का आणले, इतका मोठा लेखक, त्याच्याबद्दल असे लिहावे का, हे प्रश्न विचारले गेले. आजही विचारले जातात. वैधव्यानंतर लिहिले असते तर 'आता तो उत्तर द्यायला नाही' असे म्हटले गेले असते. हयातीत लिहिले तर 'त्याची अब्रू घेतली' असे म्हटले गेले. दोन्ही आक्षेप एकाच वेळी खरे मानले तर लिहिण्याची योग्य वेळ एकही उरत नाही. सती गेलेल्या बाईची नेमकी तीच अडचण होती.

०००

या पुस्तकांची आणखी एक अडचण वाचकांच्या बाजूची आहे. आपण ती उघडतो ती बहुधा नवऱ्यासाठी. 'स्वामी'कारांच्या घरात काय घडले, पु. ल. घरी कसे होते, टिळक रागावले म्हणजे काय करत, हे कुतूहल आपल्याला पुस्तकापर्यंत नेते. कुतूहलात वाईट काही नाही. पण चावीच्या भोकातून पाहणारा तेवढ्यापुरतेच पाहतो, आणि खोली कुणी सारवली, दिवा कुणी लावला, हे त्याला दिसत नाही.

इतिहास म्हणून वाचायचे तर या पुस्तकांकडून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. नवऱ्याबद्दलची साक्ष ही एक. ती इतर साक्षींशी ताडून घ्यावी, निधन आणि लेखन यांतले अंतर लक्षात घ्यावे, आन्नाची रोजनिशी आणि आन्नाच्या आठवणी यांतला फरक ध्यानात ठेवावा. लिहिणारीचे स्वत:चे जगणे ही दुसरी. तिथे तीच मूळ साधन आहे. जलालपूरच्या घरातले सोवळे कसे होते, रानड्यांच्या माजघरात इंग्रजी पुस्तक उघडणे म्हणजे काय होते, दुसरा संसार मांडताना बाईला कोणकोणत्या गोष्टी मागे टाकाव्या लागल्या, हे सांगणारे दुसरे दफ्तर आपल्याकडे नाही.

'स्मृतिचित्रे'ने हे काळावर सिद्ध करून दाखवले आहे. टिळकांची कविता आज मराठीच्या वर्गात आणि चर्चमध्ये भेटते. लक्ष्मीबाईंचे पुस्तक घरोघर वाचले जाते, पुन्हा पुन्हा छापले जाते, आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांनी त्याचा नवा इंग्रजी अनुवाद केला. टिळक कोण, हे आज अनेकांना लक्ष्मीबाईंमुळे कळते. चरित्राला माहिती पुरवण्यासाठी बसलेली बाई चरित्रनायकाची ओळख करून देणारी ठरली.

'नाच गं घुमा'ला ती वेळ अजून यायची आहे. ते अजूनही 'स्वामी'कारांचे परिशिष्ट म्हणून वाचले जाते. एकदा ते माधवी देसाई या लेखिकेचे पुस्तक म्हणून, मागे राहिलेल्या आणि तरीही पुन्हा जगू पाहणाऱ्या बाईची हकीकत म्हणून वाचून पाहावे. 'स्वामी' वाचून थेऊरच्या रमाबाईंसाठी डोळे पुसणाऱ्या वाचकाने ते वाचणे मला विशेष अगत्याचे वाटते. अन्नपूर्णाबाईंना आणि थेऊरच्या रमाबाईंना जे बोलता आले नाही, ते बोलण्याचा हक्क मराठी बाईने मिळवला, त्याला अडीचशे वर्षे लागली. निदान तिचे ऐकताना तरी ती कुणाबद्दल बोलते आहे, एवढेच आपण विचारू नये.